मी न केलेला धूर

ही गोष्ट मी आजवर टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना तर नाहीच. या सदरातले लोकांचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि मनात म्हणतो — भास असेल, ताप असेल, झुडपाला माणूस समजले असतील. देवाला हात जोडतो, पण उतारे, अंगात येणं, भुतंखेतं यांतलं काही मानत नाही. आजही मानत नाही. पण एका वहीचं आणि एका धुराचं उत्तर मला सापडलेलं नाही... आणि आता पुढं ढकलण्याइतकं आयुष्य उरलेलं नाही.

बेचाळीसनंतरचा काळ. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. गावातली काही पोरं भूमिगत झाली होती. त्यांतला वसंता हा माझा शाळेतला जोडीदार. बंदूक घेऊन फिरायचा, दिवसा आमच्या उसात लपायचा आणि वेळ मिळेल तेव्हा पेन्सिलीनं डायरी लिहायचा.

त्या उसाच्या बांधाला लागूनच आमचं गुऱ्हाळ. तिथल्या भट्टीत, चुलाणात, रस काढलेल्या उसाचं वाळकं चिपाड जळत असलं की धूर पातळ निघतो. पोलीस दिसले तर मी ओलं चिपाड घालायचं, दाट लोट उठवायचा, आणि तो बघून वसंतानं नदीकडं निघायचं — अशी आमची खूण होती. ती तिघांनाच ठाऊक. वसंता, मी आणि आमचे निरोप नेणारा गणू न्हावी. गणू आम्हांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून गणूदा. वस्तऱ्याची पेटी घेतलेल्या माणसाला कुणी अडवत नाही, त्यामुळं तो कुठंही जायचा.

एका सांजेला मी भाकरी घेऊन उसात गेलो. वसंताच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून पाय टम्म सुजला होता.

"बाळू, ही वही घरी न्हे," तो म्हणाला. "पाय बरा झाला की मागून घीन. आन वाचू नगंस रं, लय शिव्या हायत तुला."

मी वही फडक्यात गुंडाळली, वरून सुतळीची गाठ मारली आणि घरी जाऊन ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली. आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाच लिहितावाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहिलीत, रस आटवायच्या मोठ्या कढईत, त्या हंगामाचा आमचा शेवटचा रस होता. पाक चढत आलेला. एवढ्यात लांब रस्त्यावर पोलिसांची लॉरी चावडीकडं वळताना मला दिसली. फक्त मलाच.

"रामातात्या," मी गुळव्याला विचारलं, "वाईच वलं चिपाड टाकू का?"

"वलं? टकुरं ठिकाणावर हाय का?" तात्या काहिलीवरची नजर न हलवता ओरडला. "जाळ ढिला पडला तर गूळ काळा हुईल. तुझा बा मला फाडून खाईल. हाण जाळ!"

मी हाणला. मनाशी हिशेब केला — पोलीस आधी चावडीत टेकणार, चहा पिणार, फौजदार दाढी करून घेणार. एवढी काहील उतरू दे, मग धूर करू.

काहील उतरली. गूळ वाफ्यात ओतला. पिवळाधमक, सोन्यासारखा! तात्या खुश झाला. मी ओल्या चिपाडाला हात घातला आणि उसापलीकडून गोळ्यांचे आवाज आले.

वसंताला नदीच्या वाटेवर गाठून मारलं होतं.

त्याच्या साथीदारांनी मला विचारलं, "धूर केला हुतास का?" मी म्हणालो, "केला." एवढा एकच शब्द. म्हणजे धूर बघून वसंता नदीकडंच येणार, हे पोलिसांना कुणीतरी सांगितलं होतं. मग खूण ठाऊक असलेला उरला कोण? गणू. आणि गणू तर त्या सकाळी चावडीत फौजदाराची दाढी करत होता! भरदुपारी त्याला ओढ्यात नेलं. फितुराला द्यायची शिक्षा ठरलेली असायची — तळपायावर काठ्या. त्याला धरायला चौघं लागले. डावा पाय माझ्या हातात होता.

पुढं गणू गाव सोडून इस्लामपूरला गेला.

स्वातंत्र्य आलं. एकदा कणगी रिकामी करताना ती वही हाताला लागली. सुतळीची गाठ माझीच होती, मीच ती सोडली. भर दुपारी अंगणात बसून वही वाचली. उवा, भूक, सुजलेला पाय, माझ्या भाकरीत मीठ नसल्याची तक्रार. आणि शेवटच्या पानावर, त्याच्याच उजवीकडं कललेल्या अक्षरात —

"सकाळ. गुऱ्हाळावर दाट धूर. बाळूनं काम चोख केलं. पाय टेकवत नाही, तरी निघतो. माझं काही झालं तर त्याला बोल लावू नये."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वही आदल्या सांजेपासून आमच्या कणगीत होती. आणि धूर मी केलाच नव्हता.

वसंतानं मला सोडवलं, असं क्षणभर वाटलं. मग ओढ्यातला तो पाय आठवला. मनाशी एक वाक्य पक्कं केलं, वही पिशवीत घातली आणि बाजाराच्या दिवशी इस्लामपूरला गेलो.

गणू एका लिंबाखाली फळीवर बसला होता. उभं राहता येत नव्हतं. गिऱ्हाईकाभोवती हाताच्या रेट्यावर सरकत दाढी करायचा.

"ये बाळू, बस," तो म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. माझी नजर त्याच्या पायांकडं गेलेली त्यानं पाहिली. "आरं, वस्तरा काय पायानं धरायचा असतोय व्हय? हनुवटी वर कर."

दाढी झाल्यावर मी वही काढली. म्हणालो, "वसंताची हाय."

त्यानं वहीवर हात फिरवला. म्हणाला, "वाच की. मला कुठं येतंय."

मी वाचू लागलो. एके ठिकाणी वसंतानं लिहिलं होतं — गणूच्या वस्तऱ्यापेक्षा इंग्रजाची गोळी बरी. गणू हसून हसून खोकायला लागला. शेवटचं पान आलं आणि मी वाचायचा थांबलो.

"थांबलास का?" गणू म्हणाला. "फुडं धुराचं लिवलं आसंल."

मी वहीतून मान वर केली. "तुला कसं ठावं?"

"मी बघितला न्हवं का! फौजदाराच्या गालाला साबण लावत हुतो. तुज्या गुऱ्हाळावर ह्यो एवढा लोट! मनात म्हनलं, बाळू पठ्ठ्या हाय." तो वस्तरा चामड्यावर घासू लागला. "ओढ्यात पोरं मला सारखी इचारायची, धूर झाला का न्हाई? झाला न्हाई म्हनलो आसतो तर माजे पाय वाचलं आसतं. पर बघितल्यालं न्हाई कसं म्हनू? तुज्यावर आळ आला आसता, गड्या."

पक्कं केलेलं वाक्य मी बोललो नाही. "केला नव्हता" म्हणावं, तर ज्याच्यासाठी त्यानं पाय गमावले तेच खोटं ठरत होतं. त्यानं माझा गाल पुसला, मी वही पिशवीत घातली आणि उठलो.

गावी येऊन रामातात्याला विचारलं. तो चिडला. "धूर? आन त्या दिशी? मी काहिलीपासनं हाललो न्हाई. धूर केला आसतास तर गूळ तसा उतरला आसता व्हय?"

म्हणजे धूर झालाच नाही. मग उसातल्या माणसानं आणि चावडीतल्या माणसानं तो पाहिला कसा? कणगीत बांधून ठेवलेल्या वहीत तो आला कुठून? डायरी आजही माझ्या ट्रंकेत आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते. खुलासा मला सापडलेला नाही आणि आता मी तो शोधतही नाही.

पुढं सांगलीला अडत दुकानात नोकरी लागली. दर बाजाराला वाटायचं, जावं, लिंबाखाली बसावं, त्याच्या डोळ्यांत बघून सांगावं. एकदा बसमध्ये चढलो आणि वाटेतल्या आष्ट्याला उतरून परत आलो. नंतर कुणीतरी दुकानात सहज बोलून गेलं — तुमच्या गावचा तो लंगडा न्हावी वारला.

वाक्य फार लांब नव्हतं. गणूदा, धूर मी केला नव्हता, गूळ काळा पडंल म्हणून थांबलो, आणि तुझा पाय धरताना मला सगळं ठाऊक होतं... मला माफ कर.