चंपतरावांचं गेट

हुडकेश्वरच्या डाखोऱ्यांच्या घराचं गेट परक्या माणसाला उघडत नसे. आधी ते दोन बोटं वर उचलायचं, मग गुडघ्याने ढकलायचं आणि ढकलता ढकलता कडी डावीकडे ओढायची. एवढ्यानेही उघडलं नाही, तर त्याच्या खानदानाचा उद्धार करायचा, की उघडायचं. पोस्टमन रस्त्यावरूनच हाक मारी. सिलिंडरवाल्याने तर एकदा कुंपणावरूनच सिलिंडर आत दिलं होतं.

"चोराले कळलं पाह्यजे, घर कोनाचं आहे!" चंपतराव म्हणत. खरं म्हणजे ते गेट त्यांनीच वेल्डिंग करून बसवलं होतं आणि बिजागरी तिरपी गेली होती. पण चंपतरावांच्या हातून चूक होत नसे, सोय होत असे.

कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर दुरुस्त केले. त्यातली शेवटची वीस वर्षं शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोज स्कूटर हाणली, ती क्वार्टरमधली राख सोडून स्वतःच्या घरात झोपता यावं म्हणून. घर बांधताना गवंडी नावालाच होता. स्वयंपाकाचा ओटा तर चंपतरावांनी स्वतःच्या कमरेला हात लावून "इथवर!" असा आखला. चंपतराव सहा फूट. रुखमाबाई त्यांच्या खांद्याच्याही खाली. बाई गेली सव्वीस वर्षं पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटताहेत. घर मात्र चंपतरावांनी मोठ्या मनाने बायकोच्या नावावर केलं, आणि ही गोष्ट लग्नात, बारशात, तेराव्याला, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगितली.

अशा या माणसाला फेब्रुवारीत पुण्याहून जितेंद्रचा फोन आला. जितेंद्र एकुलता एक. घरातला साधा नळही दुरुस्त करता येईना, म्हणून इंजिनियर झालेला.

"बाबा, घराले जरा नीट करून घ्या ना. रंगबिंग. लय खराब दिसून राहिलं."

चंपतरावांचे डोळे भरून आले. पोराला घर आठवलं! म्हणजे उन्हाळ्यात येणार. कदाचित कायमचाच येणार. मग काय, सहा वर्षं पेन्शन खात बसलेला बॉयलर एकदम पेटला. गच्चीच्या भेगा बुजल्या. कूलरचा सांगाडा खरवडून चंदेरी झाला, त्याला नवा वाळा लागला. रंगारी दोन दिवसांत पळाला, कारण ब्रश कसा धरायचा हे चंपतराव त्याला शिडीखालून शिकवत होते. मग स्वतःच शिडीवर चढून त्यांनी घर लिंबासारखं पिवळं केलं.

रुखमाबाई नुसता चहा आणून देत. एकदाच म्हणाल्या, "जितू म्हणे, गेटबी पाहून घ्या."

गेट! चंपतराव दोन दिवस जेवले नाहीत धड. मग पोराचा शब्द म्हणून त्यांनी बिजागरी कापली, सरळ बसवली, तेल सोडलं. गेट एका बोटाने उघडायला लागलं. चंपतरावांना भर रस्त्यात बनियनवर उभं असल्यासारखं वाटलं.

त्याच गेटातून आठवड्याने शेजारचा धोंडबा हाक न मारता आत आला. हातात मोबाईल.

"चंपतराव, तुमचं घर मोबाईलवर आलं ना गा!"

चंपतरावांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच की. पिवळं, चमकदार, कूलरसकट. "याले म्हंतात काम! का लिहिलं आहे खाली?"

"दोन खोल्या, हॉल, किचन," धोंडबा वाचू लागला. "हवेशीर. नुकतंच रंगकाम. विकणे आहे. ताबा लगेच."

"कोनाचा ताबा?"

धोंडबाने मोबाईल खिशात घातला. "तुमाले... सांगतलं नाही का गा कोनी?"

म्हणजे गल्लीला ठाऊक होतं. चंपतराव आत गेले. रुखमाबाई पाटावर उभ्या होत्या.

"तुले माहीत होतं?"

"हो. दिवाळीपासून. सही माझीच लागते म्हणे." लाटणं थांबलं नाही. "पुण्याले जाऊ. मले नातीजवळ राहाचं आहे."

"अन् मले काहून नाही सांगतलं वं?"

"सांगतलं असतं, तर तुम्ही रंग लावला असता का?"

वाफ कुठून निसटतेय हे नुसत्या आवाजावरून सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातली गळती पाच महिने ऐकू आली नव्हती.

रविवारी गिऱ्हाईक आलं. सौरव आणि गार्गी, दोघंही बँकेत. चंपतराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. बायकोच्या सहीपुढे चालत नाही ना? ठीक. आपण खरं बोलायचं!

"हे पाहा, इथं पावसाळ्यात ओल येते. रंगाखाली दडवली आहे, मीच दडवली. मे महिन्यात नळ फक्त सकाळी. गच्ची अशी तापते, की पापड आपोआप भाजून निघते. अन् हा खांब, याच्यात लोखंड कमी आहे. मले माहीत आहे, मीच टाकलं."

सौरव ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, अकरा घरं पाहिले आम्ही. सगळे मालक खोटं बोलून राहिले होते. असा सच्चा माणूस नाही भेटला." आणि बायकोकडे वळला, "घेऊन टाकू ना?"

चंपतरावांनी पुन्हा एकदा खांबाकडे बोट दाखवलं.

"एक राहिलं," रुखमाबाई म्हणाल्या. "ओटा उंच आहे. यायनं आपल्या मापानं बांधला. इतके दिवस मी पाटावर उभी आहे."

चंपतरावांनी पाटाकडे पाहिलं. दोन पावलांच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. महिनाभर त्यांनी घराचा खिळा न् खिळा तपासला होता. हा पाट पायाने बाजूला सरकवून नळ दुरुस्त केला होता.

गार्गी ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. चांगली ताडमाड पोरगी. हवेतच कणीक मळल्यासारखं केलं आणि हसली. "नाही हो काकू, मले तर एकदम बरोबर आहे. भाड्याच्या घरात वाकून वाकून कंबर जाते."

रुखमाबाईंनी पाट उचलून भिंतीला उभा केला.

पाहुणे निघाले. चंपतराव सवयीने मागे धावले. "थांबा, थांबा! ते गेट तुमाले नाही जमत, आधी वर उचला लागते..."

सौरवने एक बोट लावलं. गेट उघडलं. बेइमानाने साधी कुरकूरसुद्धा केली नाही.