भोंगा वाजला नव्हता

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या साखर कारखान्यात तीन संगणक होते आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं. एक वजनकाट्यावर, एक यंत्रघरात आणि तिसरा या दोघांचा थोरला म्हणून कचेरीत बसवलेला. तिघांची घड्याळं आपापल्या चालीने पुढंमागं होत. मग कधी कागदावर असं उमटे की ट्रक फाटकात शिरण्याआधीच त्यातला ऊस गाळून झालाय. मी संगणकाच्या खोलीत कामाला होतो. असे कागद जेवणाच्या सुट्टीत कीर्तनकारासारखे हातवारे करत वाचून दाखवणं हा माझा खरा धंदा, आणि पगार बाकीच्या कामाचा.

बाकीचं काम म्हणजे, तीनची पाळी सुटल्याचा भोंगा ऐकला की तिन्ही घड्याळं तीनवर आणायची. पण भोंगा होता सरदाराच्या हातात. सरदार म्हणजे आमच्याकडचा मुकादम. त्याचं मनगटी घड्याळ सकाळी धावायचं आणि दुपारी पेंगायचं. कामावर बोलावणारा भोंगा लवकर, सोडणारा उशिरा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. "बायकोला तो घरी लवकर नको असतो," एवढंच आम्ही म्हणायचो. भोंगा वाजल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा मात्र नियम. गावातल्या बायका त्याच भोंग्यावर घरी येणाऱ्या माणसांचा भात चढवत.

मग कारखान्याच्या मोठ्या साहेबाने परदेशातून यंत्र मागवलं. छपरावर पालथ्या टोपासारखा अँटेना, खाली एक काळी पेटी. आकाशातून उपग्रह जाई तेव्हा पेटी त्याच्याकडून वेळ घेई, थोरल्या संगणकाला सांगे आणि थोरला धाकट्यांना. उपग्रह नसेल तेव्हा पेटी स्वतःच्या जिवावर वेळ धरून ठेवी. आमच्या बेटावर बोलतात त्या क्रिओलमध्ये वेळेला 'लेर' म्हणतात आणि हवेलाही 'लेर'च. त्यामुळे कारखानाभर बातमी पसरली की संगणकवाल्यांनी हवेतून हवा ओढायचं यंत्र आणलंय.

अँटेना बघायला आमचा शेजारी आला. तो गाळपाकडे ऊस वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर कामाला होता. मी त्याला दादा म्हणायचो.

"लेरमधून लेर आला म्हण की," तो मान वर करून म्हणाला. "मग भोंगा पण हाच वाजवणार?"

"भोंगा सरदारच वाजवणार."

"मग सरदाराला पण चढवा वर. बसू दे टोपाशेजारी."

त्याच हंगामात दादा गेला.

पट्ट्यात ऊस अडकला होता. तो काढायला दादा खाली उतरला आणि पट्ट्याने त्याची बाही धरली. कुणीतरी बटण दाबून पट्टा थांबवला, पण तोवर संपलं होतं. त्यानंतर सरदाराने भोंगा दाबला तो सोडेचना. गावाला वाटलं, सुट्टी झाली. दादाच्या बायकोने, वहिनीने, त्या भोंग्यावर भात चढवला.

पट्टा थांबल्याची वेळ संगणकाने टिपली होती. तीन वाजून गेले होते, चांगली दहाएक मिनिटं. पाळी तीनला संपते. तेव्हा कारखान्याचं म्हणणं पडलं की माणूस कामावर नव्हता, उगाच रेंगाळत होता. उगाच का रेंगाळत होता, त्याचं उत्तर दुकानादुकानांतून आपोआप तयार झालं: प्यायला असणार. दादा वर्षातून एकदा, होळीला प्यायचा आणि त्याही दिवशी लवकर झोपायचा. वहिनीला एकच गोष्ट हवी होती. तो कामावर मेला, एवढं कारखान्याने म्हणावं. मुलांनी बापाचं दुसरं काही ऐकू नये.

साहेबाने तिला कचेरीत बोलावलं. कागद घेऊन मी एका बाजूला, सरदार दुसऱ्या बाजूला.

"भोंगा वाजला नव्हता," ती क्रिओलमध्ये म्हणाली. "मी घरी कान लावून होते."

"भोंगा तर वेळेवर वाजतो, मिस्ये," सरदार साहेबाला म्हणाला.

"माझ्याकडे बघून सांग."

सरदाराने स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

"मादाम, भोंगा म्हणजे वेळ नव्हे," साहेब शांतपणे म्हणाला. "वेळ ही." आणि त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

ती माझ्याकडे वळली आणि घरच्या मराठीत म्हणाली, "भावजी, हा कागद खोटा आहे का?"

एरवी मला शब्द शोधावा लागत नाही. त्या दिवशी शोधला आणि मिळाला तो एकच.

"खरा आहे, वहिनी."

"आणि भोंगा?"

"तो उशिरा वाजायचा. रोजच." हे मी क्रिओलमध्ये म्हणालो, साहेबाला ऐकू जाईल असं.

"तुमच्या यंत्रात याची नोंद आहे?" साहेबाने विचारलं.

"नाही, मिस्ये. भोंग्याला तार जोडलेली नाही."

"मग झालं तर."

झालंच. दादा कामाबाहेर मेला, असं ठरलं.

पुढच्याच आठवड्यात मला हुकूम आला की भोंगा संगणकाला जोडा. मी जोडला. त्या दुपारी तीनला म्हणजे तीनला भोंगा वाजला. गावात बायका चुलीकडे धावल्या, तांदूळ धुतलेले नाहीत, नुसता गोंधळ. वहिनी माझ्या दारात आली.

"आज लवकर वाजला, भावजी."

"बरोबर वाजला, वहिनी."

"म्हणजे आजवर चूक वाजत होता, हे त्यांना कळलं. म्हणूनच ना नीट केला?"

दुसऱ्या दिवशी ती हेच विचारायला फाटकावर गेली. साहेब कामात आहेत, असं रखवालदाराने सांगितलं. ती बाहेरच्या दगडावर बसली. त्यानंतर रोज जाऊन बसू लागली. भोंगा झाला की पाळीची माणसं बाहेर पडत आणि एकेक जण तिच्यापाशी थांबे. "दादा कामावर होता, वहिनी," म्हणे आणि पुढं जाई. मीही म्हणालो. ती नुसती मान हलवायची, कारण हे तिला आमच्या तोंडून नको होतं.

कारखाना काही बोलला नाही. हंगाम संपला, पट्टा थांबला आणि फाटकाला कुलूप लागलं तेव्हा ती उठली. सरदार मात्र त्या सगळ्या दिवसांत मागच्या वाटेने, उसातून घरी जायचा.