बाईंनी लिलावात घेतलेला भुजंग

भुजंग सांगायचा, की सत्यशीलाबाईंची आणि त्याची पहिली गाठ पडली त्या दिवशी वाटूर फाट्यावरचे ट्रक जागच्या जागी बंद पडले, परतूरपर्यंतच्या म्हशी आटल्या आणि बाईंच्या आवाजाने चर्चच्या पत्र्यावरची कबुतरं जी उडाली ती परभणी जिल्ह्यात जाऊन बसली. यातलं खरं एवढंच, की साल १९८४ होतं आणि भुजंग भोपळ्याला मिठी मारून झोपला होता.

चर्चमध्ये सुगीचा सण होता. मंडळी कणसं, भोपळे, कोंबड्या आणून मांडतात आणि उपासना झाली की त्यांचा लिलाव होतो. फाट्यावर हमाली करणारा आणि तेवढ्याची पिणारा भुजंग आडोसा बघून आत शिरला, तो ज्वारीच्या ढिगावरच आडवा झाला.

लिलाव पुकारत होते पंच रखमाजी मास्तर. तहानलेल्याला पाणी देण्याआधी तहान कशाने लागली याची चौकशी करणारा माणूस. त्यांनी भुजंगकडे बोट दाखवलं. "ह्या मालाला बोली लावतो का कोणी?"

लोक हसले. मागच्या सतरंजीवरून बालवाडीच्या सत्यशीलाबाई म्हणाल्या, "पाच रुपये."

मास्तरांना वाटलं, बाई गंमत करून राहिल्या. बाईंनी पदराची गाठ सोडून पैसे ताटात टाकले. वरची बोली कोणी लावली नाही, हे मात्र भुजंगच्या मनाला फार लागलं. "कोंबडी अकराला गेल्ती," तो पुढे कितीतरी वर्षं सांगायचा.

बाईंनी त्याला आपल्या घराच्या ओट्यावर जागा दिली. त्यांची जीभ विळ्याहून धारेची होती; ताट नीट न घासल्याबद्दल त्या त्याच्या सात पिढ्या घासून काढत. पण तू पितोस का, तीर्थपुरीच्या भावांनी तुला का हाकललं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. लोकांना सांगायला भुजंगने तीन रडक्या गोष्टी बसवून ठेवल्या होत्या. तिन्ही वाया गेल्या.

चर्चच्या घराघरात रोज स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य गरिबांसाठी बाजूला काढत. त्यातलं थोडं भुजंगलाही मिळे. वर्षभराने मास्तर त्याची तपासणी करायला आले. आज आपला ओटा सुटणार, हे ओळखून भुजंगने आधीच चादर गुंडाळून काखेत घेतली.

"बाई, हा अजून पितो?"

"पितो."

"प्रार्थनेला येतो?"

"न्हाई."

"मंग सुधारणा काय झाली?"

"आता भाकर चावून खातो. आधी गिळायचा."

मास्तर गोरेमोरे झाले. "जो काम करत न्हाई त्याला पोसू नये, असं शास्त्र आहे."

"तुम्हाला पेन्शन लागून तीन वर्षं झाली, मास्तर. घरी चतुराबाईंनी जेवण बंद केलं का तुमचं?"

"थट्टा नको. मूठधान्य द्यायचं ते कशाच्या आधारावर?"

"पोटाच्या," बाई म्हणाल्या. "प्रभूनं पाच हजारांना जेवू घातलं, तव्हा एकाचंबी तोंड हुंगून पाह्यलं न्हाई. तुमी हुंगीत बसा. माझी भाकर करपून राह्यली."

पंचांनी धान्य बंद केलं. बाईंनी आपली मूठ चर्चच्या डब्यात टाकणं बंद केलं आणि सरळ भुजंगच्या ताटात टाकायला लागल्या. एका मुठीत भागेना, तेव्हा स्वतःच्या भाकरीचा अर्धा चतकोर मोडून, "मला आज अपचन झालंय," म्हणायच्या. हे अपचन चांगलं दहा वर्षं टिकलं. भुजंग त्या काळात त्यांचा ओटा सारवायचा, बालवाडीच्या पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा आणि एकदा एकोणीस दिवस प्यायलाही नाही. विसाव्या दिवशी तो झुलत आला. बाईंनी त्याला शिव्या दिल्या आणि वाढलं.

त्याची दारू सुटली नाही. १९९५ च्या मे महिन्यात तो काविळीने वारला, तेव्हा त्याच ओट्यावर राहत होता.