गुणाजीची मान

कृष्णाबाई तांडेल मालवणची, घर मासेमारीचं. १९६२ साली ती सावंतवाडीत एका छोट्या खाजगी इस्पितळात नर्स होती. ऑपरेशनच्या वेळी भुलीबरोबर अंग सैल पाडणारं इंजेक्शन देत. त्याचा अंमल पुरता उतरला की नाही, ते बघायचं काम तिचं.

एका दुपारी देवगडच्या गुणाजीचं आतड्याचं ऑपरेशन झालं. त्याने डोळे उघडल्यावर डॉक्टरांनी त्याला हात दाबायला सांगितला. त्याने दाबला.

"चांगला जोर आहे. वॉर्डात हलवा," ते म्हणाले. बाहेर दुसरा पेशंट थांबला होता.

कृष्णाबाईचा पाय निघेना. जन्मभर जाळं ओढलेले हात ते. अर्धं बळ गेलं तरी दाबणारच. ती त्याच्या कानाशी वाकली.

"गुणाजी, मान उचल रे."

मान उशीवरून हलली नाही.

"डॉक्टर, याला इथेच राहू दे."

"बाई, उशीर होतोय."

"होऊ दे. मान उचलेपर्यंत मी सोडणार नाही."

डॉक्टर रागावले, पण तेवढ्यात गुणाजीचा श्वास उथळ झाला, ओठ काळवंडले. ते धावत येऊन ऑक्सिजनची पिशवी दाबू लागले. पाऊण तासाने गुणाजीने मान उचलली आणि ती पाच मोजेपर्यंत धरली.

"माका सगळा आयकाक येय होता," तो संध्याकाळी तिला म्हणाला, "पण मान काय उचलूक जमली नाय."

त्यानंतर डॉक्टर स्वतःच प्रत्येकाला मान उचलायला सांगू लागले. कृष्णाबाईला मात्र कित्येक दिवस जेवण गेलं नाही. आधी किती जणांना आपण नुसता हात बघून वॉर्डात पाठवलं, ते ती आठवत बसायची.