ते हल्ली विसरतात

ही गोष्ट मी आजवर तोंडातून काढलेली नाही. मुलाजवळ नाही, बहिणीजवळ नाही, विहारातल्या बायकांजवळ तर नाहीच. ज्यांना सांगायला हवी होती ते आता नाहीत. मी चौथी शिकलेली बाई. फिरवून बोलणं मला आवडत नाही — तरी बघा, सुरुवातीलाच फिरवते आहे.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ. आमचे हे टेलिफोनच्या तारा जोडायच्या कामावर होते. रिटायर झाल्यावर माणसं घरात बसून बायकोच्या भाजीतलं मीठ बघतात. ह्यांनी तसं केलं नाही, ह्यांनी फोटो गोळा करायला घेतले. गावचे, चाळीतले, नात्यातले. लोक जुने अल्बम आणून द्यायचे. हे एकेक फोटो मशीनवर ठेवून कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे आणि खाली नावं लिहायचे — ही कोणाची आत्या, हे लग्न कुठल्या गावचं, मागे उभा आहे तो कोण. आपल्या माणसांचे फोटो आपण नाही जपले तर कोण जपणार, असं म्हणायचे.

ते फोटो ठेवायला मुलाने, मिलिंदने, एक काळा डबा आणून दिला. मिलिंद घोडबंदर रोडला राहतो, कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. तो त्याला सर्व्हर म्हणतो, मी डबा म्हणते. आत चार डिस्क, त्यांत सगळे फोटो. मागच्या बाजूला नखाएवढा पेनड्राइव्ह खोचलेला. डबा चालू व्हायचा तो त्या पेनड्राइव्हवरून. हे आता मला माहीत आहे, तेव्हा नव्हतं. पण माहीत नव्हतं हे काही मी माझ्या बाजूने सांगत नाही. माझं पाप पुढे आहे.

बुद्धपौर्णिमेला आम्हा बायकांचा कार्यक्रम होता, आणि गाण्यांचं काम माझ्याकडे होतं. माझ्या छोट्या स्पीकरला पेनड्राइव्ह लागतो. आदल्या वर्षी ह्यांनीच एकात गाणी भरून दिली होती, तो मी हरवला. त्या वर्षी ह्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा, उद्या. चौथ्यांदा सांगायला माझं तोंड उघडेना. केर काढताना डब्यामागे तो खोचलेला दिसला. ना दिवा, ना वायर. वाटलं, जास्तीचा असेल. ओढला. डबा बंद पडला नाही, तसाच घुरघुरत राहिला.

स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात गाणी भरून देतात. दुकानदाराने पेनड्राइव्ह लावून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, यात काहीतरी आहे. पुसू का?"

मी म्हटलं, "पूस."

घर दहा मिनिटांवर. विचारून येते, म्हणता आलं नसतं?

कार्यक्रम चांगला झाला. दुसऱ्या दिवशी मी पेनड्राइव्ह होता तिथे परत खोचून टाकला. का? न विचारता घेतला होता म्हणून. म्हणजे चुकलं आहे हे मला तेव्हाच कळत होतं.

डबा पंधरा दिवस चालला. एकदा चालू झाला की बंद होईपर्यंत त्याला पेनड्राइव्हची गरज लागत नाही, असं मिलिंदने नंतर सांगितलं. मग सोसायटीत वायरिंगचं काम निघालं, दिवसभर लाइट नव्हती. संध्याकाळी लाइट आली, डब्याचा पंखा फिरला, पण डबा काही चालू होईना. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. किती वर्षांचं काम, किती लोकांचे फोटो — लोकांना तोंड कसं दाखवायचं?

रविवारी मिलिंद आला. त्याने पेनड्राइव्ह काढून आपल्या लॅपटॉपला लावला. आत गाणी.

"बाबा, ही बूट डिस्क आहे. यावरूनच सर्व्हर चालू होतो. यात गाणी कोणी भरली?"

"मी नाही," हे म्हणाले.

मिलिंद हसला. "मग काय आईने भरली?"

हेही हसले. "हिला कुठे येतंय."

मी चपात्या लाटत होते. चौथीतून शाळा सुटली याचा मला जन्मभर राग. त्या दिवशी तीच चौथी माझ्या कामाला आली. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

मिलिंद सांगू लागला, गेल्या वर्षी आईला गाणी तुम्हीच भरून दिली होती ना, जरा आठवा. हे म्हणाले, तो पेनड्राइव्ह लाल होता. मग माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "अगं, मी भरली का गं?"

तिथे बोलायचं होतं. एक शब्द पुरला असता. मी म्हटलं ते मिलिंदला, ह्यांच्याकडे न बघता. "ते हल्ली विसरतात."

काय विसरत होते? चष्मा कुठे ठेवला. दूध आणायचं. मी विसरत नाही? तुम्ही विसरत नाही?

मिलिंदने नवा पेनड्राइव्ह काढला, त्यात लागेल ते नेटवरून उतरवून घेतलं. डिस्क शाबूत होत्या, फोटो आत होते. पण कुठली डिस्क कुठल्या जागेवर हे त्या डब्याला पुन्हा सांगावं लागत होतं. एक जागा अशी, की तिथे चुकून फोटोंची डिस्क सांगितली तर ती पुसली जाते. मिलिंद थांबला. डबा त्यानेच लावलेला, पण त्याला आठवेना. हे उठले, कपाटातून वही आणली. चारही डिस्कचे नंबर, कुठली कुठे, ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यावरून मिलिंदने जागा सांगितल्या. तासाभरात सगळे फोटो परत आले, एकूण एक, नावांसकट.

म्हणजे त्या घरात न विसरलेला माणूस कोण होता? मला ते दिसत होतं. तेव्हा तरी बोलले? नाही. ताटं वाढली.

हे वही मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "वहीत आहे तेवढंच खरं म्हणायचं आता."

डबा सुधारला, माणूस बसला. कोणी अल्बम आणला की परत पाठवायचे — चुकीचं नाव लिहिलं गेलं तर? कॉम्प्युटरला हात लावेनात. गॅस बंद केला का, कडी लावली का, मला विचारायचे आणि वहीत लिहायचे. मिलिंदने कल्याणला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खूप प्रश्न विचारले आणि सांगितलं, या वयाला स्मरणशक्ती उत्तम आहे. येताना रिक्षात हे म्हणाले, "डॉक्टरने अर्धा तास बघितलं. तू रोज बघतेस."

मी बाहेर बघत राहिले.

दोन वर्षांनी हे गेले, हृदयाच्या दुखण्याने. दवाखान्यात पडल्यापडल्या नर्सला सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर तोंडपाठ सांगत होते. गेल्यावर मी ती वही वाचली. पानंच्या पानं — गॅस बंद केला, पाहिला. कडी लावली, पाहिली. आणि मागे, त्या रविवारच्या पानावर एकच ओळ. "पेनड्राइव्हमध्ये गाणी मी भरली. आठवत नाही."

गेल्या महिन्यात मिलिंद गाडीची किल्ली विसरला, मग कोणाचं तरी नाव विसरला. त्याने पन्नाशी ओलांडली आहे, घाबरला. डॉक्टरांकडे गेला, मला घेऊन. घरात कोणाला असा त्रास होता का, असं त्यांनी विचारलं. मिलिंद म्हणाला, "हो, वडिलांना होता. शेवटची दोन वर्षं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसले होते. बोलले नाही.

मिलिंद हे वाचेल. पेनड्राइव्ह मी काढला. पूस मी म्हणाले. तुझे बाबा काहीही विसरत नव्हते.