हर आणि हरसेल्फ

"काम कुणावर पडलं, ते बघायचं."

हे म्हणताना बाई हातातला खडू आधी समोरच्या बाकाकडे रोखायच्या आणि मग मनगट वळवून स्वतःच्या छातीकडे आणायच्या. "रामानं शामला मारलं, तर काम शामवर पडलं. मारणारा राम, आणि मार फिरून रामालाच बसला, की लावा सेल्फ. हिमसेल्फ, हरसेल्फ. हाय काय त्यात अवघड?"

निपाणीतल्या एका मराठी शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या आणि मी गणित. शिक्षकांच्या खोलीत सतरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. बारीक चण, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. त्यांच्या गल्लीत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या या पहिल्याच, पण ते त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. लग्न केलं नव्हतं. वर्गात इंग्रजी, ऑफिसात कन्नड आणि माझ्याशी निपाणीचं मराठी. तिन्ही भाषांत आवाज मात्र एकच, हळू.

इंग्रजीच्या शिक्षकांना एखाद्या शब्दाची चीड असते, हे तुम्हीही पाहिलं असेल. बाईंना चीड होती ती ओळख करून देताना लोक म्हणतात त्या 'मायसेल्फ'ची. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब नववीच्या वर्गात उभे राहून "मायसेल्फ..." म्हणाले, आणि बाकांवरून चाळीस मुलींचा एका सुरात आवाज आला, "आय ॲम, सर." साहेब हसले म्हणून निभावलं. बाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. डबा खाताना मला म्हणाल्या, "पोरींची चूक न्हाय, आक्का. सवय मीच लावलीया."

कुणी वहीत 'आय वॉश मायसेल्फ डेली' असं लिहिलं, की त्या लाल शाईनं मायसेल्फ खोडायच्या. म्हणायच्या, "रोजच्या आंघोळीला सेल्फ लागत न्हाय. तू दुसऱ्याला घालत न्हाईस, हे इंग्रजाला बी कळतंय."

नववीत लता नावाची एक मुलगी होती. तिचं घर आमच्या गल्लीत, आमच्यापासून तिसरं. त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या आईला भाजलं. गॅसवर चहा ठेवताना पदर पेटला, असं घरच्यांनी सांगितलं. तिच्या आईला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. चार दिवसांनी लता शाळेत आली. केस तिनं स्वतःच विंचरलेले दिसत होते. भांग वाकडा होता.

त्या दिवशी नेमका तोच धडा होता. बाईंनी दरवर्षीच्या सवयीनं फळ्यावर लिहिलं: शी बर्न्ट हरसेल्फ. लिहून वळल्या आणि त्यांना लता दिसली. पुसावं की ठेवावं, त्यांना कळेना. मग त्या नेहमीचं सांगू लागल्या, की मराठीत 'हात भाजला' एवढं म्हणून सुटता येतं, कुणी भाजला ते सांगावं लागत नाही. इंग्रजी मात्र बहुतेक वेळा कर्ता मागते. चुकून भाजलं तरी तिथं ते हरसेल्फच.

लतानं हात वर केला.

"बाई, दुसऱ्यानं भाजलं तर?"

"मग हरसेल्फ न्हाय. नुसतं हर. ही बर्न्ट हर."

लतानं ते वहीत उतरवून घेतलं. हे सगळं मला बाईंनीच नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गृहपाठाच्या वह्यांतली एक वही उघडून माझ्यापुढे सरकवली. 'पाच वाक्ये तयार करा' याखाली पहिली चार वाक्यं पुस्तकातली होती. पाचव्या ठिकाणी दोन वाक्यं होती. माय फादर सेज शी बर्न्ट हरसेल्फ. ही बर्न्ट हर.

व्याकरणात एकही चूक नव्हती. बाईंचा लाल पेन टोपण काढून तसाच टेबलावर पडला होता.

"वाचलं का, आक्का?"

"वाचलं. उदाहरण असंल तिनं केलेलं," मी म्हणाले. "आपण कशाला त्यात पडायचं?"

त्यांनी वही पिशवीत घातली, अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि बेळगावची बस धरली.

लताची आई शुद्धीवर होती. तिनं आधी विचारलं, लता जेवते का. मग म्हणाली, "बाई, माझं मीच भाजलंय, असा जबाब दिलाय मी. आता त्यात काय बदलू नका. मी जगंन का न्हाय ठावं न्हाय. पोरीला त्याच घरात ऱ्हायचंय." बाई संध्याकाळपर्यंत तिच्या खाटेजवळ बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मग बाई वही घेऊन पोलिसांकडे गेल्या. एक अधिकारी शाळेत आले. माणूस नीट बोलणारा होता. एका मुलीच्या गृहपाठावर एवढी मोठी गोष्ट उभी राहत नाही, पण त्या दिवशी ही वही आणखी कुणी पाहिली असेल तर सांगा, असं म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी काय बोलले, ते तुम्हाला सांगितलं नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही. लताचे वडील रोज आमच्या दारावरून जायचे, माझ्या नवऱ्याशी थांबून बोलायचे. मी म्हणाले, "वही उघडी दिसली होती. पण मी नीट वाचलं नाही. मला इंग्रजी तेवढं कळत नाही."

त्यानंतर लताला बोलावलं. बरोबर तिचे काका होते. तिनं मान वर न करता सांगितलं, "व्याकरणाचं वाक्य हाय. बाईंनी करायला सांगितलं हुतं." अधिकाऱ्यांनी वही मिटून बाईंच्या हातात दिली. प्रकरण तिथंच मिटलं.

पुढच्या रविवारी बाई खानापूरला गेल्या. तिथून जवळच्या एका खेड्यात लताचा मामा भातशेती करत होता. त्याला काय सांगितलं, कसं पटवलं, ते मला माहीत नाही. पण आठ दिवसांत मामा आला आणि आईविना पोरीला आजी सांभाळेल, असं म्हणून तिला घेऊन गेला. लताचा शाळा सोडल्याचा दाखला बाईंनीच ऑफिसात उभं राहून लिहवून घेतला. खुर्चीवर येऊन बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तिला वाक्य शिकवलं, आक्का. ते लिहिल्यावर पुढं काय हुतंय, ते शिकवलं न्हाय."

त्या मला टाकून बोलल्या नाहीत, हेच मला जड गेलं. डबा आम्ही शेजारी बसूनच खायचो. चटणीची वाटी त्या पूर्वीसारखीच पुढे करायच्या. फक्त वह्या तपासताना एखादं गमतीचं वाक्य आलं तर वाचून दाखवणं थांबलं. तो धडा त्या दरवर्षी शिकवत राहिल्या, पण उदाहरणं बदलली. एन्जॉय युवरसेल्फ, हेल्प युवरसेल्फ, एवढ्यावर भागवायच्या.

महिन्यातून एक रविवार त्या खानापूरला जायच्या. लताची पुस्तकं, कधी स्वेटर, कधी फॉर्म. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. निवृत्तीनंतरही ते चालू होतं, असं शिपाई म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या फुप्फुसाचं दुखणं वाढलं. मी भेटायला गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, बोलताना धाप लागत होती. मी बराच वेळ हवापाण्याचं बोलले. शेवटी म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी वाचलं होतं. कळलंही होतं."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "उन्हं उतरली. जावा आता, बस चुकंल." मी निपाणीतच, दहा मिनिटांच्या अंतरावर राहते. बस कसली. मी उठून आले.

गेल्या थंडीत त्या गेल्या. घरापुढच्या मंडपात बुद्धवंदना चालू होती, पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. बाईंचा फोटो मेणबत्त्यांच्या मागं होता, तोही चष्मा घातलेला. खानापूरहून लता आली होती. आता ती तिथल्या एका सरकारी कचेरीत कामाला आहे. बायकांनी सरकून तिला जागा केली, ती माझ्याच शेजारी. ती बसली, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"तुमी गणिताच्या बाई न्हवं? माझी वही वाचलेल्या?"

"व्हय."

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, एखादा पत्ता बरोबर आहे का, हे पाहावं तसं. मग पदर सावरून ती उठली, आणि ओळीच्या त्या टोकाला, जिथं उन्हात कुणीच बसलं नव्हतं, तिथं जाऊन बसली.