मालदीव, मावशीचा बचत गट आणि आमचे बाबा

मंडळी, आज दुपारी आमच्या तोंडवलीच्या घरात आंतरराष्ट्रीय राजकारण रंगलं.

टीव्हीवर बातमी होती, मालदीवच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत परदेशाने ढवळाढवळ केल्याचा आरोप. बाबा खवळले. "दुसऱ्याच्या निवडणुकीत नाक खुपसूक ह्यांका कोणी सांगल्यान?"

शेजारीच आई सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत वेंगुर्ल्याच्या मंदामावशीशी फोनवर बोलत होती. मावशीच्या बचत गटाची अध्यक्ष आज निवडायची होती. "मंदा, माजा आयक. सुमतीकच करा!"

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. वाटलं, आता आईची धडगत नाही.

ते हळूच म्हणाले, "मंदाक सांग, सुमतीपेक्षा शालन बरी."

संध्याकाळी मावशीचा फोन आला. "गो, सगळ्यांनी माकाच अध्यक्ष केल्यानी!"

आता तुम्हीच सांगा, आरोप कोणावर करायचा?